संगणकातला निस्तार

भंडाऱ्याहून पहेल्यामार्गे पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अड्याळ हे गाव राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत शोधू जाल तर क्वचितच हाती लागेल. परंतु दप्तराचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याला असल्याच गावांची वाट धरावी लागते, कारण नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा होऊन १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आल्यानंतर ज्या बंदोबस्ताने मालगुजाराला गावाचे स्वामित्व बहाल केले, त्या बंदोबस्ताचे कागद अशाच गावांच्या शिवारात तयार झाले आणि पटवाऱ्याच्या बस्त्यात बांधले गेले. त्या बस्त्यात खसरा असे, जमाबंदी असे, आणि वाजिब-उल-अर्ज नावाचा एक असा कागद असे की ज्यात गावचा रिवाज लिहून ठेवलेला असावयाचा: तळ्याचे पाणी कोणी आणि केव्हा घ्यावे, गुरे कोठे चारावीत, जळाऊ लाकूड कोठून आणावे. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली, आणि या सामाईक हक्कांना, म्हणजेच निस्ताराला, पुढे निस्तारपत्रकात जागा मिळाली. विदर्भ महाराष्ट्रात आला, पटवाऱ्याचा तलाठी झाला, तरी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे कायम राहिली.

ज्या विषयाचा इतिहास मी येथे मांडू इच्छितो तो वरकरणी या बस्त्यापासून फार दूरचा आहे. तलाठ्याच्या लॅपटॉपवर, ग्रामपंचायतीच्या खोलीतल्या संगणकावर किंवा बाजारपेठेतल्या सेवा केंद्रात जी आज्ञावली ‘टाकली’ जाते, ती एकसंध नसून पुष्कळ सुट्या घटकांची बनलेली असते, आणि त्यांतला एकच घटक निरनिराळ्या पुरवठादारांच्या हातून त्याच यंत्रात दोनदा, चारदा येऊन बसतो. ही दुबार वस्ती का होते, आणि ती टाळण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कोणकोणते उपाय झाले व त्यांतले कोणते फसले, एवढाच माझा विषय आहे. परंतु या उपायांचा क्रम पाहू लागलो की प्रत्येक वळणावर त्या जुन्या निस्ताराची आठवण होते. तळे सामाईक असते तोवर प्रत्येक घराला आपापली विहीर खणावी लागत नाही. मात्र तळे सामाईक राहावे यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक तर त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे हे कोठेतरी लिहिलेले असावे. आणि दुसरे, कोण्या एका हक्कदाराने रातोरात त्याची मोरी बदलून टाकू नये. संगणकाच्या इतिहासात पहिली गोष्ट लवकर सुचली, दुसरीला फार वेळ लागला.

गावात संगणक आला तो एका खात्याच्या हाताने आला नाही, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे. महसूल खात्याची सातबाऱ्याची संगणकीय नोंद राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एल.एम.आय.एस. या प्रणालीवर तालुक्याच्या ठिकाणी सुरू झाली. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. वर्गांनी गावोगावच्या तरुणांचे हात कळफलकावर आणले. २०११ मध्ये ‘संग्राम’ नावाच्या योजनेने ग्रामपंचायतींत संगणक बसविले. त्यामागून बँकांचे ग्राहक सेवा केंद्र आले, आधार आले, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आले. यांतल्या प्रत्येकाने आपापली तबकडी किंवा पेनड्राइव्ह पाठविला, आणि प्रत्येकाने त्यात आपल्याला लागणारे सर्व साहित्य भरून दिले: टंक, मुद्रकाचा ड्रायव्हर, विदासंचाशी बोलणारा दुवा, चालविण्यासाठी लागणारी मूलभूत ग्रंथालये. यात पाठविणाऱ्याचा दोष काढणे सोपे असले तरी न्याय्य नाही. पुण्यात किंवा नागपुरात बसून पुडके बांधणाऱ्याला अड्याळच्या यंत्रात आधीपासून काय आहे हे ठाऊक नसते. घटक पाठविला नाही आणि तिथे नसला तर काम अडते, पाठविला आणि तिथे असला तर फार तर जागा वाया जाते. या दोन तोट्यांत दुसरा तोटा पत्करणाऱ्या माणसाला मूर्ख म्हणता येणार नाही. दुबार स्थापनेचा सगळा इतिहास या एका अज्ञानातून निघाला आहे, आणि ज्यांनी ते अज्ञान दूर करण्याची काही तजवीज केली त्यांचेच उपाय टिकले.

प्रारंभी मात्र जागेची चैन कोणालाच परवडत नव्हती. १९९३ च्या सुमारास विंडोज ३.१ चालविणाऱ्या यंत्रावर जी आज्ञावली येई ती १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरून येई, आणि व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या प्रत्येक लहानसहान कार्यक्रमाला व्हीबीरन३००.डीएलएल ही एक मोठी फाइल लागे. प्रत्येकाने ती आपल्यापाशी ठेवावी तर चकती भरून जाई. म्हणून असा शिरस्ता पडला की अशा सामाईक फायली विंडोजच्या सिस्टिम नावाच्या एकाच निर्देशिकेत ठेवाव्यात आणि सर्वांनी तिथूनच वापराव्यात. हा संगणकातला पहिला निस्तार. स्थापना करणाऱ्या कार्यक्रमाने फाइल आधीच आहे काय हे पाहावे, असल्यास तिची आवृत्ती आपल्याजवळच्या आवृत्तीशी ताडून पाहावी, आणि जुनीने नवीला कदापि झाकू नये, असा नियमही होता. नियम होता एवढेच. पुष्कळ पुरवठादारांनी तो पाळला नाही. नव्या फाइलीवर जुनी येऊन बसली आणि काल चालणारा हिशेबाचा कार्यक्रम आज उघडेनासा झाला. ज्यांनी तो पाळला त्यांच्याही वाट्याला यश येईलच असे नव्हते, कारण नवी आवृत्ती जुनीची सर्व कामे जुन्याच रीतीने करील हे गृहीत धरलेले होते आणि ते गृहीत वारंवार खोटे ठरले. यंत्रज्ञांनी या अवस्थेला ‘डीएलएल नरक’ असे नाव दिले. नाव कर्कश आहे, पण ज्याने त्या काळी एखाद्या कचेरीत दुरुस्तीचे काम केले असेल त्याला ते अतिशयोक्त वाटणार नाही.

विंडोज ९५ ने यावर हक्कनोंदीचा उपाय योजिला. यंत्राच्या रजिस्ट्रीत ‘शेअर्ड डीएलएल्स’ या नावाचे एक खाते उघडण्यात आले, आणि त्यात प्रत्येक सामाईक फाइलीपुढे एक आकडा मांडला जाऊ लागला: ती वापरणाऱ्या कार्यक्रमांची संख्या. नवा कार्यक्रम आला की एक वाढवावा, गेला की एक उणा करावा, शून्य झाला की फाइल काढून टाकावी. कल्पना निर्मळ होती. पण या खात्यात आकडा होता, नावे नव्हती. कोणाकोणाचा हक्क आहे हे न लिहिता केवळ किती जणांचा आहे एवढेच लिहिले, तर एकच कार्यक्रम पुन्हा टाकल्यावर त्याचा हक्क दोनदा धरला जाण्याची वाट मोकळी राहते, आणि ज्याने नोंद न करताच फाइल वापरली त्याचा हक्क मुळीच धरला जात नाही. पहिल्या चुकीने बेवारस फायली साचत. दुसरीने चालू कार्यक्रमाच्या पायाखालची फाइल निघून जाई. कार्यक्रम काढताना ‘ही सामाईक फाइल आता कोणी वापरीत नाही असे दिसते, काढू काय?’ अशा आशयाचा प्रश्न पडद्यावर येई आणि केंद्रचालक हात आखडता घेऊन ‘नको’ म्हणे. त्याचे करणे शहाणपणाचेच होते, कारण प्रश्न विचारणाऱ्या यंत्राचा स्वतःच्याच खात्यावर भरवसा नव्हता.

भरवसा उडाला की लोक आपापली विहीर खणतात. २००० साली आलेल्या विंडोजने प्रणालीच्या मूळ फायलींवर पहारा बसविला आणि त्याच वेळी कार्यक्रमांना आपली प्रत आपल्यापाशी ठेवण्याची मुभाही दिली. २००१ च्या विंडोज एक्सपीने त्यापुढे जाऊन विनएसएक्सएस नावाचे एक कोठार उघडले, ज्यात एकाच घटकाच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदाव्यात आणि प्रत्येक कार्यक्रमाने आपल्याला कोणती हवी ते आपल्या जाहीरनाम्यात लिहून आणावे. सामाईक म्हणजे एकच प्रत, ही समजूत येथे सुटली. सामाईक म्हणजे प्रत्येक आवृत्तीची एक प्रत, अशी नवी समजूत आली. या कोठाराविषयी एक गैरसमज अजूनही प्रचारात आहे. ते अनेक गिगाबाइटचे दिसते म्हणून चकती रिकामी करू पाहणारे हौशी दुरुस्तीकार प्रथम त्याच्यावर हात टाकतात. पण त्यातील पुष्कळशा फायली आणि सिस्टिम निर्देशिकेतल्या फायली या एकाच वस्तूची दोन नावे असतात, आणि फायलींचा आकार मोजणारी खिडकी ती एकच वस्तू दोनदा मोजते. दिसणारे प्रत्येक दुबार हे दुबार नसते, हे या क्षेत्रात शिकावयास फार महाग पडले आहे.

त्याचेच दुसरे उदाहरण कोणत्याही सेवा केंद्राच्या संगणकावर पाहता येते. कंट्रोल पॅनेलमधली कार्यक्रमांची यादी उघडावी म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाच्या ओळींची रांग दिसते: २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३, आणि त्यांतल्या अनेकांच्या पुन्हा दोन-दोन, एक ३२ बिटांची व एक ६४ बिटांची. ‘एवढ्या कशाला?’ म्हणून एखादा जाणता त्यांतल्या चार उडवितो, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे यंत्र किंवा मुद्रक चालत नाही. वास्तविक २००८ ची प्रत २०१० चे काम करू शकत नाही, आणि ३२ बिटांच्या कार्यक्रमाला ६४ बिटांची प्रत उपयोगाची नाही. त्या सर्व खऱ्या अर्थाने भिन्न वस्तू आहेत. मात्र २०१५ पासून त्या कंपनीने पुढील आवृत्त्या मागील आवृत्त्यांशी सुसंगत राखण्याचे ठरविले, आणि म्हणून २०१५, २०१७, २०१९ व २०२२ या चार वर्षांच्या नावांची यादीत एकच ओळ असते. नंतरची आली की आधीची बदलते, शेजारी बसत नाही. नोंदवही तीच, यंत्र तेच. बदलले ते एवढेच की जुने करार मोडणार नाही अशी हमी मालकाने दिली. रांग थांबली ती त्या हमीमुळे थांबली.

मराठी वाचकाला या दुबार वस्तीचा जाच सर्वांत जवळून झाला तो टंकांच्या रूपाने. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीय व्यवहारास फार मोठा आधार दिला, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की या संकेतप्रणालीला मानक म्हणून मान्यताही दिली. परंतु छपाईच्या धंद्यात जे टंक रूढ झाले, त्या श्रीलिपी, आकृती इत्यादि कुलांतील टंकांनी आपापल्या सोयीने अक्षरांच्या तुकड्यांना क्रमांक दिले. परिणामी भंडाऱ्याच्या एका दुकानात जुळविलेली लग्नपत्रिका पवनीच्या दुसऱ्या दुकानात उघडली की निरर्थक चिन्हांची ओळ दिसे, आणि मग मजकुराबरोबर टंकही पाठवावा लागे. एकेका यंत्रावर शेकडो टंक साचले. येथे कितीही चोख नोंदवही ठेवली असती तरी दुबार टळते ना, कारण या वस्तू कामाने एक असल्या तरी घडणीने एक नव्हत्या. एकीच्या जागी दुसरी बसवावी असा त्यांच्यात सामाईक संकेतच नव्हता. तो संकेत युनिकोडने दिला. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. पण विंडोजबरोबर मंगल हा देवनागरी टंक येण्यास २००० साल उजाडले, आणि सरकारी दप्तरांना तर त्यानंतरही बराच काळ लागला. सातबाऱ्याची विदा जुन्या संकेतातून युनिकोडमध्ये आणणे, ती तलाठ्याकडून तपासून घेणे, एडिट मॉड्यूल, मग री-एडिट मॉड्यूल, २०१७ चे चावडी वाचन, हा सारा खटाटोप ज्यांनी केला त्यांना विचारा म्हणजे संकेत आधी न ठरविण्याची किंमत कळेल. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला, तो या खटाटोपानंतर.

आता थोडे बाहेर पाहू. १९९३ साली इयान मर्डॉक याने सुरू केलेल्या डेबियन या मुक्त प्रणालीत प्रत्येक घटकाचे पुडके नाव, आवृत्ती आणि अवलंबित्वाची यादी घेऊन येई, आणि यंत्रावरील एकच वही सर्व पुडक्यांची नोंद ठेवी; १९९९ पासून ॲप्ट हा कार्यक्रम ती वही वाचून नेमके जे नाही तेवढेच आणवू लागला. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. हा मार्ग गुणाने निर्विवाद श्रेष्ठ. पण सर्व पुडकी एकाच भांडारातून यावीत ही त्याची अट आहे, आणि आपल्या गावच्या संगणकाला पाच खात्यांचे पाच धनी असल्याने ती अट येथे पुरी होणे कठीण होते.

अनेक धनी आणि एक यंत्र, या अवस्थेचा विचार ज्यांनी मुळापासून केला, ते ओएसजीआय मंडळ मार्च १९९९ मध्ये स्थापन झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: घराघरांत बसविलेल्या जोडणीपेट्यांना दुरून, मालकाला न उठविता, निरनिराळ्या पुरवठादारांनी जावा भाषेतले घटक पाठवावेत, बदलावेत, काढावेत, आणि तरी पेटी बंद पडू नये. या घटकांना ते ‘बंडल’ म्हणत. प्रारंभी बंडलाची ओळख म्हणजे ते ज्या पत्त्यावरून आले तो पत्ता; त्याच पत्त्यावरून पुन्हा स्थापना मागितली तर ओएसजीआयची चौकट नवी प्रत न घेता आधीचीच पुढे करी. पण तेच बंडल दुसऱ्या पत्त्यावरून आले तर? ते नवे समजून आत घेतले जाई, आणि एकाच घटकाच्या दोन प्रती एकमेकींना परक्या समजून वागत. जावा वेब स्टार्टचीही हीच रीत: तिच्या साठ्यात फाइलीची ओळख पत्त्यावरून ठरे, म्हणून दोन खात्यांच्या संकेतस्थळांनी तेच ग्रंथालय आपापल्या पत्त्यावर ठेवले की ते यंत्रात दोनदा उतरे. वस्तूची ओळख ती कोणी आणली यावरून ठरविली की दुबार अटळ आहे. २००५ च्या चौथ्या आवृत्तीने ओएसजीआयमध्ये बंडलाचे स्वतःचे नाव आणि आवृत्ती यांना ओळखीचा दर्जा दिला, आणि नाव-आवृत्तीची तीच जोडी पुन्हा आली तर स्थापना स्पष्टपणे नाकारण्याचा नियम केला.

नाव म्हणजे नुसते नाव नव्हे, हेही त्यांनी ओळखले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात अड्याळ टेकडी आहे, आणि नुसते ‘अड्याळ’ असे लिहिलेली टपाले व माणसे भलत्या जिल्ह्यात पोहोचावीत यात नवल नाही. म्हणून पत्रावर तालुका आणि जिल्हा घालावा लागतो. बंडलाचे नावही पुरवठादाराच्या आंतरजालीय पत्त्याने सुरू करण्याची प्रथा पडली, जेणेकरून दोन पुरवठादारांच्या दोन निराळ्या वस्तू एकच नाव घेऊन येऊ नयेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट आवृत्तीच्या आकड्याची. घेणाऱ्याने ‘मला अमुकच प्रत हवी’ असे न म्हणता ‘एक अंकापासून दोन अंकाच्या अलीकडची कोणतीही चालेल’ असे म्हणावे, आणि देणाऱ्याने जुना करार मोडेल असा बदल करताना पहिला आकडा बदलावा. मोरी बदलण्यापूर्वी दवंडी पिटावी, असा हा दंडक होता. वाटप करणाऱ्याच्या दृष्टीने याचा लाभ उघड आहे: प्रत्येक ग्राहकयंत्राकडून त्याच्यापाशी असलेल्या नाव-आवृत्तींची यादी मागवावी, पाठवावयाच्या यादीशी ताडावी, आणि फरक तेवढा रवाना करावा. कचेरीतल्या बारनिशीच्या कारकुनाला हे काम नवे वाटू नये.

२००४ साली एक्लिप्स या प्रसिद्ध कार्यशाळेने ही चौकट स्वीकारली, आणि २००८ मध्ये तिच्या पी-टू या स्थापकाने एका यंत्रावरच्या अनेक स्थापनांना बंडलांचे एकच सामाईक कोठार वापरता येईल अशी व्यवस्था केली. इतके होऊनही २०११ च्या ४.३ आवृत्तीत त्याच मंडळाने आपला नकाराचा नियम सैल केला आणि इच्छा असल्यास त्याच नाव-आवृत्तीच्या अनेक प्रती ठेवण्याची वाट मोकळी केली. कारण एकाच चौकटीत परस्परांपासून अलग राखलेले विभाग नांदवावयाचे असतील तर त्यांच्या प्रतीही अलग लागतात. या माघारीला मी पराभव म्हणणार नाही. दुबार हे सदैव अनिष्टच, असे मानणारे लोक निस्ताराचा इतिहास वाचीत नाहीत. गावात तळे असले तरी ज्याची बागाईत दूर आहे त्याने विहीर खणली तर त्यात गैर काय?

दुसऱ्या टोकाची उदाहरणे मात्र करमणुकीची आहेत. २०१० मध्ये निघालेल्या एनपीएम या पुडकी आणविणाऱ्या कार्यक्रमात प्रत्येक घटक आपल्या पोटात आपले सर्व अवलंबित घटक, त्यांच्या पोटात त्यांचे, असा वंशविस्तार घेऊन येई, आणि तो इतका खोल जाई की विंडोजची २६० अक्षरांची मार्गमर्यादा ओलांडून फायली काढतासुद्धा येत नसत. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीने शक्य तेवढे घटक वरच्या एकाच पातळीवर आणून ही उतरंड मोडली. नेदरलँड्समध्ये एल्को डॉल्स्ट्रा याने २००३ च्या सुमारास आरंभिलेली निक्स ही प्रणाली याहून मूलगामी: तीत घटकाच्या नावातच तो ज्या सामग्रीपासून घडला तिच्यावरून काढलेला एक गणिती ठसा असतो, म्हणून सामग्री तीच तर ठसा तोच, आणि ठसा तोच तर दुसरी प्रत मुळी घडतच नाही. तेथे नोंदीचे खोटेपण फारसे उरत नाही, कारण नोंद आणि वस्तू वेगळ्या राहत नाहीत.

परंतु अड्याळसारख्या गावात दुबार वस्ती प्रत्यक्षात ज्या उपायाने घटली तो या विद्वत्तेतून आला नाही. तो आला अंगठ्याच्या यंत्रातून. आधारवर आधारित व्यवहार सुरू झाले तेव्हा बँकेचा कार्यक्रम, शिधावाटपाचा कार्यक्रम आणि प्रमाणीकरणाचा आणखी एखादा कार्यक्रम यांना बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राशी आपापल्या परीने बोलावे लागे. यंत्र मंत्राचे असो, मॉर्फोचे असो वा स्टारटेकचे, त्याचे जोडसाहित्य कार्यक्रमागणिक निराळे. २०१७ मध्ये आधारच्या प्राधिकरणाने ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’ची पद्धत बंधनकारक केली. तीनुसार यंत्राच्या उत्पादकाने एकच आर.डी. सर्व्हिस द्यावयाची, ती संगणकात एकदा बसवावयाची, आणि विंडोजवर ती ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या द्वारांपैकी एका द्वारावर उभी राहून हाक ऐकणार. ज्या कोणा कार्यक्रमाला ठसा हवा त्याने ही एकवीस द्वारे क्रमाने ठोठावून पाहावीत, जे उत्तर देईल त्याला ठराविक भाषेत विनंती करावी. ठसा त्या सेवेतच सांकेतिक होऊन बाहेर पडतो, म्हणून मधल्या कार्यक्रमाला तो साठवूनही ठेवता येत नाही. मूळ हेतू सुरक्षेचा होता, यात संशय नाही. पण त्याच्या ओघात दुबार स्थापनेचा प्रश्नही सुटला, कारण येथे संकेत आधी ठरला, ओळख उत्पादकाची आणि यंत्राची धरली गेली, आणि मोरी कोणाही एका ग्राहकाच्या हाती राहिली नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांना असे भाग्य अद्याप सर्वत्र लाभलेले नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या टोकनांचे निरनिराळे ड्रायव्हर एकाच लॅपटॉपवर एकमेकांच्या वाटेत उभे असलेले आजही दिसतात.

दुसरा मोठा उपाय म्हणजे गावच्या यंत्रात काही टाकूच नये. पंचायत राज मंत्रालयाने प्रियासॉफ्ट, प्लॅनप्लस, ॲक्शनसॉफ्ट, नॅशनल ॲसेट डिरेक्टरी अशा अनेक सुट्या प्रणालींचा जो संच ग्रामपंचायतींसाठी सिद्ध केला होता तो आंतरजालावरूनच चालविण्याचा होता, आणि २४ एप्रिल २०२० रोजी त्यांतील प्रमुख कामे ई-ग्रामस्वराज या एकाच दाराआड आणली गेली. दुबार स्थापना संपली. पण दुबार नोंदीचा धोका फायलींतून उठून विदेत जाऊन बसला. एकच गाव पाच प्रणालींत पाच प्रकारे लिहिले तर काय? त्यावर त्याच संचातली लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी हा उतारा होता: देशातल्या प्रत्येक गावाला, प्रत्येक ग्रामपंचायतीला एक संकेतांक, आणि बाकीच्या प्रणालींनी नाव न पाहता तो संकेतांक पाहावा. बंदोबस्ताच्या काळी शेताला खसरा क्रमांक देणाऱ्या अमिनाने हेच केले होते.

असो. चकत्या स्वस्त झाल्या आहेत, आणि आजचे कित्येक कार्यक्रम तर अख्खा ब्राउझर पोटात घेऊन येतात. चार कार्यक्रम, चार ब्राउझर. शहरात याची कोणी पर्वा करीत नाही. गावात करावी लागते, कारण तेथे जोडणी मंद असते, वीज जाते-येते, यंत्र जुने असते, आणि धानखरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा हातात घेऊन बाहेर माणसे उभी असतात. अशा वेळी ‘काढा आणि पुन्हा टाका’ हा जो दूरध्वनीवरचा सर्वमान्य सल्ला आहे, तोच निम्म्या दुबार वस्तीचा जनक आहे असे माझे मत आहे. कारण काढताना सर्व निघत नाही आणि टाकताना सर्व पुन्हा येते.

ग्रामपंचायतीचा संगणक विकत घेतला की त्याची नोंद जडवस्तू-संग्रहाच्या वहीत होते, खुर्ची-टेबलांच्या शेजारी. त्याच्या पोटात काय टाकले, याला मात्र एक ते तेहेतीस नमुन्यांत स्वतंत्र नमुना नाही. तेव्हा अड्याळच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसेवकांना, तलाठ्यांना आणि केंद्रचालकांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी तो आपल्या हाताने आखावा: घटकाचे नाव, आवृत्ती, ३२ की ६४ बिट, कोठून आणला, कोणत्या तारखेस टाकला, आणि त्यावर कोणकोणती कामे अवलंबून आहेत, या शेवटच्या रकान्यात आकडा न घालता नावे लिहावीत, आणि नवे काही टाकण्यापूर्वी व जुने काही काढण्यापूर्वी ती वही उघडून पाहावी. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शंभर पानी साधी वही पुरते.